हात, डोळा, तोंड

दर रविवारी सकाळी साडेसहा वाजता माझ्या डोक्यावर विमानं उतरायची.

बँकेतली बदली होऊन मी फेब्रुवारीत सांगलीहून चेन्नईला आले आणि वेस्ट मांबलममध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. वर फक्त गच्ची. डोक्यावर कोणी नांदत नाही या आनंदात मी होते. पण पहिल्याच रविवारी छतावर धप्प धप्प पावलं वाजली, मग काहीतरी खरखरत सरकत गेलं आणि एक खणखणीत म्हातारा आवाज म्हणाला, "गो अराउंड." दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि केसांना टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत मी भांडायला वर गेले.

वर पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोऱ्यांपर्यंत कोलमच्या, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या, पिठानं धावपट्टी काढलेली होती. मधोमध तुटक रेघ, दोन्ही टोकांना आकडे. तीन धडधाकट तरुण हात पसरून एकामागून एक चौकोनात चालत होते. धावपट्टीच्या तोंडाशी एक मुलगी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. गुडघ्यांत ताक घुसळायची रवी विमानाच्या दांड्यासारखी धरून, कलवत कलवत ती स्टुलासकट पुढे सरकत होती. खरखर तिची होती. आणि कडेला पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, त्यावर खांद्यावर पट्ट्या असलेला कडक इस्त्रीचा शर्ट, अशा वेषात एक गृहस्थ उभे होते. भात कधी टाकतात म्हणून कठड्यावर बसलेला कावळा बघतो, तशी मान एका बाजूला कलती करून ते माझ्याकडे बघत होते.

मी तमिळमधून भांडायचं ठरवलं होतं. तीन आठवड्यांत जमवलेलं सगळं तमिळ दोन वाक्यांत संपलं. मग मी स्वतःशीच पुटपुटले, "काय वेड्यांचा बाजार आहे."

"बाजार नव्हे अम्मा, विमानतळ," ते म्हणाले.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे कॅप्टन हनुमंत राव. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, ते तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकताना जुन्या पोथीला तमिळ कंठ फुटल्यासारखा वाटे. तळमजल्यावर ते आणि मामी दोघंच राहायचे. वेस्ट मांबलममध्ये कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला मामा-मामी म्हणतात, तसे तेही सगळ्यांचे कॅप्टनमामा होते.

"तूं भांडायला आलीस, म्हणजे आवाज खालपर्यंत जातो," ते विचार करत म्हणाले. "सरि, ठीक. आमच्याकडे टॉवर नाहीं. तूं टॉवर हो. हीं मुलें उतरायची परवानगी मागतील, तूं द्यायची."

"आणि नाही दिली तर?"

"मग तीं फिरत राहतील. तुझ्याच डोक्यावर."

अशा रीतीनं मी, जिला विमानात खिडकीची जागासुद्धा नको वाटते, ती दर रविवारी टाकीच्या कट्ट्यावर बसून विमानं उतरवू लागले. माझं नाव पडलं टॉवरम्मा. वारा कुठला हे मामींच्या वाळत घातलेल्या साडीवरून बघायचं. साडी टाकीकडे उडाली तर उतरायचं दोऱ्यांकडे तोंड करून. मामी मुद्दाम साडी वाळत घालायला उशीर करत आणि विमानतळ बंद पाडत. कोलमचं पीठ महिन्याला दोन डबे संपतं, हे त्या मला दर भेटीत ऐकवत.

कॅप्टनमामा खरं शिकवायचे ते तांबरम मागे टाकून दोनेक तासांवर असलेल्या एका धावपट्टीवर, छोट्या दोन खुर्च्यांच्या विमानात. विद्यार्थी डावीकडे, ते उजवीकडे. गच्चीवरचा वर्ग हा फुकटचा आणि त्यांच्या हौसेचा. "विमानांत बसून चुका करायच्या म्हणजे पेट्रोल जातें. गच्चीवर करा, नुसते गुडघे फुटतात," हे त्यांचं म्हणणं.

त्यांना वय विचारलं की ते म्हणत, "सप्टेंबरपर्यंत." मला आधी हे कळेना. मग समजलं की वैमानिकाला ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, पास झालं तर पुढच्या तपासणीपर्यंत उडता येतं. सत्तरी उलटून गेलेल्या या माणसानं जन्मसाल केव्हाच सोडून दिलं होतं. मार्चमध्ये विचारलं तर सप्टेंबरपर्यंत, ऑक्टोबरात विचारलं तर मार्चपर्यंत. मामी म्हणत, "माझें लग्नही यांच्याशीं सहा सहा महिन्यांचेंच झालें आहे."

त्यांच्या शिकवण्याचं सगळं सार तीन शब्दांत होतं: हात, डोळा, तोंड. उडण्याआधी वैमानिकाला एक यादी तपासावी लागते. इंधन, दरवाजा, पट्टा, कितीतरी गोष्टी. यादी पाठ झाली की माणूस नुसता घडाघडा म्हणत सुटतो. कॅप्टनमामांचा नियम असा की आधी त्या वस्तूला हात लावायचा, मग तिच्याकडे बघायचं आणि मगच तोंडानं ‘झालं’ म्हणायचं. क्रम चुकला की सगळी यादी पहिल्यापासून. "तोंड लबाड असतें," ते म्हणत. "त्याला शेवटीं बोलवायचें."

हा नियम विमानापुरता राहिला असता तर बरं होतं. घराला कुलूप लावताना तेच, गॅस बंद करताना तेच. एकदा आम्ही तिघं एका लग्नाला निघालो होतो. मामींनी गॅस बंद असल्याचं जिन्यावरूनच सांगितलं. कॅप्टनमामांनी त्यांना परत पाठवलं. मामी गेल्या, गॅसच्या बटणाला हात लावला, बघितलं, "झालें" म्हणाल्या आणि तिथेच स्वतःसाठी कॉफी करत बसल्या. आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि लोक जेवणात पायसमच्या खिरीपर्यंत आले होते.

रिक्षात बसण्याआधी ते रिक्षाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत. टायर दाबून बघत, वाकून खाली डोकावत. मांबलम स्टेशनसमोरचे रिक्षावाले आधी चिडत. त्यांना ‘प्लेन तात्ता’ म्हणत, म्हणजे विमानवाले आजोबा. एक दिवस प्रदक्षिणा घालता घालता त्यांना एका रिक्षाच्या मागच्या चाकाचे दोन नट गायब सापडले. त्या रिक्षावाल्यानं कानाला खडा लावला. तेव्हापासून प्लेन तात्ता कोपऱ्यावर दिसले की रांगेतले सगळे रिक्षावाले आपापल्या रिक्षाभोवती फिरायला लागत. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, आज वाहनांची पूजा आहे.

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझ्याकडे एक जुनी गाडी होती, आणि गाडी असलेली शेजारीण हे त्यांना दैवी दान वाटे. ते शेजारी बसले की मी पट्टा, आरसा, हँडब्रेक यांना एकेक करून हात लावायचा, बघायचं, म्हणायचं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून आमचा उद्धार करत असायच्या.

त्यांचं अजून एक म्हणणं होतं, ते मात्र ते क्वचित बोलत. "शिकवणाऱ्याला एकच गोष्ट नीट यावी लागते. उतरतां यावें लागतें."

याचा अर्थ मला शेन्बगमनं सांगितला. शेन्बगम म्हणजे ती रवीवाली मुलगी. वडील बसमध्ये कंडक्टर, ही कॉलेज संपवून विमान शिकायला लागलेली. कॅप्टनमामांची ती शेवटची विद्यार्थिनी, कारण नवे विद्यार्थी घेणं त्यांनी थांबवलं होतं. विद्यार्थी तयार झाला, की शिक्षक एक दिवस काही न सांगता विमान थांबवतो आणि खाली उतरतो. मग विद्यार्थ्यानं एकट्यानं उडून एक फेरी मारून यायचं. कॅप्टनमामा उतरताना आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा स्वतः बांधत, त्याला हात लावत, बघत, "झालें" म्हणत आणि मागे वळून न बघता चालू लागत. शेन्बगमचा तो दिवस जवळ आला होता. तिच्या विमानातून आपण उतरायचं आणि मगच थांबायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यासाठी सप्टेंबर पार पडायला हवा होता.

त्या उन्हाळ्यापासून मी एक नवीन गोष्ट ऐकत होते. सकाळी मी ऑफिसला निघाले की कॅप्टनमामा तळमजल्यावर तुळशीला पाणी घालता घालता काहीतरी जपत असत. "एको. फॉक्सट्रॉट, पापा. टँगो, ऑस्कर, झुलू. लिमा, पापा, एको, डेल्टा." रेडिओवर अक्षर चुकू नये म्हणून वैमानिक प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द वापरतात, हे टॉवर या नात्यानं मला ठाऊक झालं होतं. मला वाटलं, हा वैमानिकांचा व्यंकटेशस्तोत्रासारखा काहीतरी प्रकार असणार. मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचें कांहीं तरी असतें." सहवासानं महिनाभरात मलाही ते पाठ झालं.

सप्टेंबरात तपासणीसाठी मी त्यांना अड्यारला घेऊन गेले. रक्तदाब झाला, कान झाले, हृदयाचा कागद निघाला. डॉक्टर पन्नाशीचे, अबोल गृहस्थ होते. हृदय तिशीतलं आहे म्हणाले, तर कॅप्टनमामांनी "वापरलेंच कमी," असं उत्तर दिलं. मग डोळे. डॉक्टरांनी मलाही आत बसू दिलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. वर एक मोठं अक्षर, खाली ओळीनं बारीक होत जाणारी.

कॅप्टनमामा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "एको."

मग म्हणाले, "फॉक्सट्रॉट, पापा."

तुळशीपुढचा जप काय होता ते मला कळलं. ते तक्ता वाचत नव्हते, वर्षानुवर्षं तोच असलेला तक्ता पाठ म्हणत होते. आणि कलती मान, कावळ्यासारखं बघणं, जे मी इतके महिने त्यांचा ऐटबाजपणा समजत होते, त्याचा अर्थही त्या क्षणी लागला. जप मला पाठ होता, म्हणून पुढचा शब्द त्यांच्या आधी माझ्या मनात येत होता, आणि खरं सांगते, ते कुठे अडखळू नयेत म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते. ती लबाडी मला हवी होती.

"विद्यार्थ्यांनी यांच्याकडून शिकावं," डॉक्टर इंग्रजीत मला म्हणाले आणि कागदावर ‘योग्य’ असं लिहून त्यांनी सही केली.

आम्ही खाली आलो. मी गाडीत बसले. आनंदानं माझे हात चालत नव्हते, तोंड मात्र चालत होतं. किल्ली फिरवता फिरवता मी एका दमात म्हणाले, "पट्टा झालं, आरसा झालं, ब्रेक झालं, निघूया?"

मला वाटलं, आता सगळी यादी पहिल्यापासून. कॅप्टनमामा समोरच्या काचेकडे बघत बसले, म्हणजे त्यांचं तोंड काचेकडे होतं.

"हात न लावतां सांगितलीस," ते म्हणाले.

"चुकलं मामा. परत म्हणते."

"तूं नको. इंजिन बंद कर, अम्मा."

मग ते खाली उतरले. जिन्याच्या कठड्याला हात लावून एकेक पायरी चढत पुन्हा वर गेले. मी मागून धावले. डॉक्टरांच्या टेबलापाशी जाऊन त्यांनी तो सही केलेला कागद ठेवला आणि म्हणाले, "मी तोंडानं वाचलं, डॉक्टर. दुसरा तक्ता लावा."

डॉक्टरांनी उठून कपाटातून वेगळी अक्षरं असलेला तक्ता काढला. कॅप्टनमामा ताठ उभे राहिले. मान डावीकडे कलली, उजवीकडे कलली. वरचं मोठं अक्षर त्यांनी सांगितलं. दुसऱ्या ओळीतलं एक सांगितलं. तिसऱ्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "पोदुम्." पुरे.

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग होता. कडेचं सगळं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. चष्म्यानं न जाणारं दुखणं. पोंगलपासून, म्हणजे संक्रांतीपासून जाणवत होतं, मार्चच्या तपासणीत कसंबसं निभावलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी नवीन कागद घेतला. लिहिता लिहिता ते म्हणाले, "सर, खोटं बोलून गेलेले पुष्कळ आहेत. परत आलेलं कुणी आठवत नाही."

परतताना मी सैदापेटच्या गर्दीत गाडी घातली आणि रडले. त्यांचं उडणं संपलं म्हणून नव्हे, मीही त्या जपात सामील होते म्हणून. कॅप्टनमामांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "मागल्या दोन खेपांना शेन्बगम विमान उतरवत होती, आणि मला धावपट्टी दिसत नव्हती. तिला वाटत होतें, मामा बघताहेत." सिग्नल सुटला तरी मी उभीच होते. "हिरवा आहे," ते म्हणाले. "तेव्हढें दिसतें."

त्यानंतर दोन रविवार गच्चीला कुलूप होतं. ज्या शांततेसाठी मी भांडायला गेले होते ती मला भरभरून मिळाली, आणि साडेसहाला जाग येऊन मी छताकडे बघत पडू लागले. कॅप्टनमामा घराबाहेर पडत नव्हते. कोपऱ्यावरचे रिक्षावाले, प्लेन तात्ता गावाला गेले का, असं मला विचारत.

तिसऱ्या रविवारी माझ्या दारावर थाप पडली. शेन्बगम रवी घेऊन उभी होती. आता विमानशाळेत तिला अरविंद शिकवत होता. तो कॅप्टनमामांचाच जुना विद्यार्थी, नवा शिक्षक. पण उतरताना तिचं विमान उड्या मारत होतं. "मामांनी सांगितल्याशिवाय माझं जमिनीशी पटत नाही," ती तिच्या तमिळ-इंग्रजी खिचडीत म्हणाली. एवढ्यात जिन्यावरून मामी आल्या. एका हातात गच्चीची किल्ली, दुसऱ्या हातात कोलमच्या पिठाचा डबा.

मामींनी कुलूप काढलं, गच्ची झाडली, पाणी शिंपडलं, पदर खोचला आणि धावपट्टी काढायला बसल्या. चिमटीतून पीठ सोडत, टाकीपासून दोऱ्यांपर्यंत. पन्नास वर्षं दारात कोलम काढणारा तो हात. आकडे काढताना मात्र अडल्या, तेव्हा त्यांनी तिथे कमळं काढली. कॉफी आली नाही म्हणून मामींना शोधत कॅप्टनमामा अर्ध्या तासानं वर आले. दारातच थांबले. मान कलती करून त्यांनी आधी टाकीकडे बघितलं, मग दोऱ्यांकडे.

"मधली रेघ वाकडी आहे," ते म्हणाले.

"मग सरळ करा. मला एवढीच येते."

"मला उडतां येत नाहीं आतां."

"स्टुलाला मेडिकल लागत नाहीं," मामी म्हणाल्या आणि साडी वाळत घालायला लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी ती वेळेवर घातली.

कॅप्टनमामांनी वेष्टी सावरली, खाली बसले, हातानं चाचपत रेघ सरळ केली. कमळं तशीच ठेवली. मग शेन्बगमच्या स्टुलाला हात लावून म्हणाले, "चल. उतर बघूं."

ऑक्टोबरात, पाऊस सुरू व्हायच्या आत, अरविंदचा फोन आला. त्यानं फक्त एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी मामांना घेऊन या. मामींनी पहाटे उठून मारुतीसाठी वड्यांची माळ केली, त्यातले चार वडे आमच्या डब्यात भरले. पट्टा, आरसा, ब्रेक, सगळ्यांना मी नीट हात लावला.

धावपट्टीच्या कडेला कुंपणापाशी विमानशाळेतल्या बाकीच्या लोकांबरोबर आम्ही उभे राहिलो. विमान दोन वेळा उडून आलं. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबलं आणि उजवीकडचं दार उघडलं.

"कोण उतरलें?" कॅप्टनमामांनी विचारलं.

"अरविंद."

"पट्टा बांधला?"

"वाकून बांधतोय."

"हात लावला?"

"लावला. बघितलं. आता काहीतरी म्हणाला."

"आणि आतां वळून बघतो आहे, हो कीं नाहीं?"

अरविंद खरंच वळून बघत होता, दर चार पावलांनी. "शिकेल," कॅप्टनमामा म्हणाले.

विमान धावलं, उचललं गेलं, नारळांवरून वळलं. कुंपणाशी असलेले सगळे आभाळाकडे तोंड करून बघत होते. एकटे कॅप्टनमामा त्याकडे कान करून, भलतीकडेच, माझ्या गाडीकडे तोंड करून उभे होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, या म्हाताऱ्याला विमानाशी काही देणंघेणं नाही. पण मला ठाऊक होतं, विमान दिसायचं तर त्यांना असंच उभं राहायला हवं. डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी ते धरलं होतं, आणि ते फिरेल तशी त्यांची मान इंचाइंचानं फिरत होती.

आवाज मंदावला. चाकं टेकली, जरा उचलली गेली, पुन्हा टेकली आणि टिकली. लोक टाळ्या वाजवायला लागले. माझ्यानं राहवलं नाही. "उतरली, मामा, उतरली."

ते तसेच, भलतीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, त्यांना दिसलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हातानंच मला थांबवलं. विमान सावकाश येऊन उभं राहिलं, पंखा थांबला, दार उघडून शेन्बगम खाली आली. कॅप्टनमामा कुंपणाच्या फाटकातून आत गेले. गवतावरून जपून पावलं टाकत तिच्यापर्यंत पोचले आणि तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मग मान कलती करून बराच वेळ तिच्याकडे बघितलं. आणि मग म्हणाले, "उतरली."